पाठीमागचं बक्कल

मी चौऱ्याऐंशी बायकांसाठी गळ्यातले पट्टे केले. खिळ्यांचे. त्यातला एकही धड नव्हता. हे मीच लिहून देते, कारण बाकीचे सगळे उलटं सांगत फिरतायत.

माझं काम चामड्याचं, वेशभूषेचं. नाटकातली चिलखतं, मिरवणुकीतल्या ढाली, तलवारीची म्यानं, कंबरपट्टे, लग्नाआधी फोटो काढणाऱ्यांचे राजेशाही जोडे. आबा, म्हणजे माझे वडील, तमाशाच्या फडांना पायातल्या चाळाचे, घुंगरांचे पट्टे शिवून द्यायचे. नारायणगावात फडांच्या राहुट्या लागल्या की चामडं टोचायची आरी आणि दोरा पिशवीत टाकून तिथंच मुक्काम ठोकायचे. त्यांच्या शेजारी बसून मी शिकले. मग मंचरला कॉलेज, कॉलेजात संघटना, संघटनेत पत्रकं. एक कागद, दोन बाजू, काय मागायचं ते ठणकावून. पत्रकाची पहिली ओळ थोबाडीत बसली पाहिजे, तर माणूस उभ्याउभ्या बाकीचं वाचतो. एवढंच माझं साहित्यशिक्षण.

शिकून परत आले आणि स्वतःचं सुरू केलं. दुकान नाही, मालक नाही. फोनवर फोटो टाकायचे आणि पुण्यात प्रदर्शन असलं की टेबल लावायचं. तिथं बायका मी शिवलेल्या पर्स नाकाला लावून बघतात. "वास नाही ना येत?" एकीनं विचारलं, "हे तुम्ही स्वतः करता? म्हणजे, तुमच्यात करतातच ना?" मी म्हटलं, "हो. आमच्यात करतात, तुमच्यात मिरवतात." तिनं पर्स खाली ठेवली. विकली गेली नाही तर नाही गेली. तळेघरच्या एका शाळेच्या गॅदरिंगला मी बारा ढाली पाठीला बांधून पोचवल्यात, जीप अर्ध्या घाटात बंद पडली म्हणून. माझा माल मी कुणाच्या नाकासाठी करत नाही.

आबांचा या कामातला एक नियम होता. "पब्लिक पुढं बसतं. नटवायचं ते पुढं. बक्कल मागं." चिलखताची सगळी ठोकणी, सगळं पितळ छातीवर. पाठ साधी, नुसतं चामडं आणि बक्कल. नट पडद्याआड पळत आला की मागच्या माणसानं झटक्यात सोडवलं पाहिजे. माझे हात या नियमानं चालतात. डोकं चालायच्या आधी चालतात.

आता वाघाचं. पेपरात बिबट्या म्हणतात, आमच्याकडे वाघच. आमची वस्ती निमगाव साव्याच्या शिवारात, तिन्ही बाजूंनी ऊस. गेल्या हिवाळ्यात पलीकडच्या वस्तीवरची एक बाई कांदे काढायला वाकली ती परत उभी राहिली नाही. भरदुपारी. काठ्या घेऊन उसात शिरलेल्यांत मी होते. आधी एक चप्पल सापडली. मग डोक्याला बांधलेला टॉवेल. मग ती. चेहऱ्याला ओरखडाही नव्हता, डोळे उघडे, ओठाला माती. मी तिचं डोकं उचलायला हात खाली घातला तर बोटं मानेत गेली. मागून धरली होती. मागूनच धरतो तो, हे मी माझ्या बोटांनी बघितलं होतं. पुढं जे सांगणार आहे ते वाचताना हे विसरू नका.

त्या दिवशी लोकांनी रस्त्यावर टायर पेटवले. पहिली जी सरकारी गाडी आली तिच्या काचा फोडल्या. उतरलेल्या माणसाचा शर्ट मी धरला आणि तो फाटेपर्यंत सोडला नाही. तो बिचारा कारकून होता, त्याचं नाक कुणीतरी फोडलं आणि तो रक्त पुसत "मी काय करू, ताई, मी काय करू" म्हणत राहिला. मला दया आली नाही. मी माइक घेतला. शेतीला वीज दिवसा द्या, म्हणजे माणूस अंधारात पाण्याला जाणार नाही. गवत कापणाऱ्या बाईला सोबत द्या. पिंजरे मोजू नका, माणसं मोजा. अजून तेच म्हणते.

आठवड्यानं शेजारची काकी आमच्या अंगणात आली. ही जमीनवाल्यांची. घर आमच्यापासून हाकेवर, पण इतक्या वर्षांत चप्पल शिवायची असली तरी कुंपणावरून टाकायची आणि कुंपणावरूनच उचलायची. त्या दिवशी आत आली आणि आबांच्या समोर उकिडवी बसली.

"ए पोरी, धनगराच्या कुत्र्याच्या गळ्यात खिळ्याचा पट्टा असतो बघ. तसला मला कर."

"काकी, तुम्ही काय कुत्रं आहात का?"

"कुत्र्याला वाघ उचलत न्हाई अन् मला उचलतोय. मंग शानं कोन? मला रोज घास कापाया लागतो. दोन गायी हायेत, त्यांला काय पेपर खाया घालू?" मग म्हणाली, "आतनं कापाड लाव फकस्त. माझ्या गळ्यात माळ हाय. चामडं माळंला लागाया नगं."

आबा मान वर न करता म्हणाले, "वाघाचा जबडा लागला तर चालंल व्हय, वहिनी?"

"तुमची जीभ लई चालती," काकी म्हणाली, पण हसली. जाताना तिनं आमच्या माठातलं पाणी मागितलं. पहिल्यांदाच. मी ते पाहून न पाहिल्यासारखं केलं.

पट्टा करायला मला दोन दिवस लागले आणि त्या दोन दिवसांत माझ्या डोळ्यांसमोर काकीची मान नव्हती. मोर्चा होता. तालुक्याच्या कचेरीवर जायचं होतं, आणि बाईच्या गळ्यात कुत्र्याचा पट्टा याच्याइतकी जोरकस पहिली ओळ मी जन्मात लिहिली नव्हती. पुढं खिळ्यांच्या तीन रांगा, एकेक खिळा बोटाएवढा, टोकं घासून चकचकीत केलेली. मधे पितळेची चकती. कानापर्यंत खिळे लहान होत जाणारे, सुबक. मागं चार बोटं सपाट चामडं आणि बक्कल. देखणा झाला होता. काकीनं तो घातला, मोर्चात पुढं उभी राहिली, हातात मी लिहिलेला फलक: आम्हाला पट्टा, तुम्हाला पगार. तो फोटो कुठल्या कुठं गेला. कुणी हळहळलं, कुणी शिव्या दिल्या. वीज काही दिवसा आली नाही. पट्ट्यांची मागणी मात्र आली.

सगळ्यात मोठी मागणी आमच्या भागातल्या एका पुढाऱ्याची. सगळे त्याला दादा म्हणतात, नाव घ्यायची माझी इच्छा नाही. त्र्याऐंशी पट्टे, वस्त्यांवरच्या बायकांना फुकट वाटायला. त्याची एकच अट. "ताई, पुढं मधोमध आपलं नाव येऊ द्या. अन् खिळ्यांनी झाकाया नगं."

म्हणजे पुढचेही खिळे काढायचे. मी, जी चहाच्या टपरीवर सुद्धा भांडण काढते, ती हो म्हणाले. बायकांना फुकट मिळतायत, नाव काय चावतंय, असं मी स्वतःला सांगितलं. ठसे करून घेतले. चामडं ओलं करून त्र्याऐंशी वेळा त्याचं नाव हातोड्यानं उठवलं.

वाटप मांडवात झालं. हलगी लावली होती. बायका ओळीनं खुर्च्यांवर, डोईवर पदर, आणि दादा एकेकीच्या गळ्याला पट्टा लावतोय, मागून त्याची पोरं बक्कल आवळतायत. मांडवाच्या कडेला उभा असलेला एक जण ओरडला, "आता साखळी बी द्या की, दादा! घरी बांधून ठिवतो!" हसण्याची लाट गेली. एक बाई खुर्चीतून तशीच ओरडली, "तुला बांदला असता तर गावाची दारू वाचली असती!" मग बायका हसल्या. मी हसले नाही. माझ्या हाताचं काम होतं ते, आणि मला ते तिथून ओरबाडून घ्यावंसं वाटत होतं. का, ते तेव्हा कळलं नव्हतं. वाटलं, अपमानाचा राग आलाय.

मग काकीचा दिवस आला. चारचा सुमार, चांगलं ऊन. काकी उसाच्या कडेला घासात बसून कापत होती, पाठ उसाकडे, गळ्यात पट्टा. आम्ही अंगणात. किंकाळी वगैरे काही आली नाही. ओलं धोतर दगडावर आपटावं तसा एक आवाज आला आणि काकीच्या गायीनं दावं ओढून हंबरडा फोडला. आबा ठोकायची लोखंडी तिपाई घेऊन पळाले, मी हातोडा.

तो तिच्या पाठीवर होता. त्याचा वरचा ओठ डाव्या बाजूच्या खिळ्यात अडकून फाटला होता आणि तो मान झटकत होता. त्या प्रत्येक झटक्याबरोबर काकीचं अंग पोत्यासारखं इकडून तिकडं आपटत होतं. ओठ सुटला. मला वाटलं आता पळेल. तो पळाला नाही. त्यानं तोंड वळवलं आणि बरोबर मधोमध, मानेच्या मागं, दुसऱ्यांदा धरलं. बक्कल मोडल्याचा आवाज मी ऐकला. आबांनी तिपाई त्याच्या डोक्यात घातली, ती सटकून खांद्यावर बसली. मी बरगडीवर हातोडा घातला, पुन्हा घातला, पुन्हा. त्या हाडाचा धक्का माझ्या कोपरापर्यंत आला. त्याचं तोंड सुटलं. त्यानं माझ्याकडे बघितलं, एका हाताच्या अंतरावरून, तोंडातून त्याचं आणि तिचं रक्त गळतंय. मी शिव्या देत होते, आईबहिणीच्या, मोठमोठ्यानं. मग ऊस हलला आणि तो गेला.

काकी पालथी पडली होती. माळ तुटून मणी घासात पसरले होते. मी तिची मान दोन्ही हातांनी दाबून धरली, रक्त बोटांच्या फटींतून उसळत होतं, गरम. तिनं मातीत तोंड खुपसूनच विचारलं, "गाय... हाय का?" आबा म्हणाले, "हाय, वहिनी. गप ऱ्हावा." शेजाऱ्याच्या पिकअपमधून नारायणगावला नेईपर्यंत मी हात काढला नाही.

डॉक्टर म्हणाले, पट्ट्यानं वाचवलं. तासाभरात दादा हजर, पुष्पगुच्छ आणि फोन धरणारी पोरं घेऊन. संध्याकाळपर्यंत सगळ्यांच्या फोनवर तेच: दादांच्या पट्ट्यानं माउलीचे प्राण वाचले. काकीचा पट्टा दादाचा नव्हताच, तो मोर्चाचा होता. पण ते जाऊ द्या.

मी तो पट्टा दवाखान्याच्या बेसिनमध्ये धूत होते. डाव्या बाजूचे दोन खिळे वाकलेले, त्यात केस आणि ओठाचा तुकडा. आणि मागं, त्या चार बोटं सपाट चामड्यात, भोकं. आरपार. बक्कलाचा काटा मोडून आत वळलेला. दातांच्या आणि मणक्याच्या मधे नुसतं चामडं होतं, आणि ते फाटलं होतं. आम्ही पोचायला आणखी थोडा वेळ लागला असता तर पट्ट्यानं काही वाचवलं नसतं. कांद्याच्या वावरातली ती मान माझ्या बोटांना पुन्हा जाणवली. मी पट्टा तसाच ओला आबांकडे नेला.

आबांनी पट्टा हातात घेऊन फिरवून बघितला. मग म्हणाले, "आपन पब्लिककडं बघून शिवलं. वाघ काय पुढच्या खुर्चीत बसतोय व्हय."

बाहेर त्र्याऐंशी पट्टे होते. प्रत्येकाची पाठ तशीच उघडी. शिवाय पुढंही नाव, खिळे नाहीत. आणि काकी वाचली हे ऐकून त्या बायका आता जास्तच बिनधास्त उसाकडे पाठ करून बसणार होत्या.

मी दादाकडे गेले. सगळे पट्टे परत मागवा म्हटलं. तो शांतपणे म्हणाला, "ताई, चांगलं चाललंय त्यात माती कालवू नका." मी पत्रक काढलं. पहिली ओळ: हा पट्टा तुम्हाला मारेल. वस्त्यावस्त्यांवर वाटलं. दुसऱ्या दिवशी त्याची चार पोरं अंगणात आली. भिंतीवरच्या ढाली उपसून त्यांच्यावर नाचली. एका फडासाठी केलेलं चिलखत उलटं धरून त्यात मुतली. आबा मधे पडले तर एकानं त्यांच्या कानाखाली अशी ओढली की ते तिपाईवर जाऊन आपटले. "कातड्याची जात, लायकीत ऱ्हावा," म्हणाला. आरी माझ्या हातातच होती. मी ती त्याच्या मांडीत मुठीपर्यंत घातली आणि ओढून काढली. तो बाईसारखा किंचाळला असं लिहिणार होते, पण बाई किंचाळत नाही हे मी नुकतंच घासात पाहिलं होतं. तो त्याच्यासारखाच किंचाळला. बाकीच्यांनी त्याला उचलून नेलं. पोलिसात कुणी गेलं नाही. मला वाटतं, एका पोरीनं आरी घातली हे कागदावर लिहून द्यायची त्याला लाज वाटली. मला पश्चात्ताप नाही. मोर्चे अहिंसक काढा असं मी आजही तरुणांना सांगते, आणि मला विचारलं तर हेही सांगते.

पण पत्रकानं एक बाई हलली नाही. "काकी वाचली न्हवं?" एवढंच उत्तर. मग मी वावरावावरांत फिरून पट्टे मागायला लागले. एका कांद्याच्या वावरात माझ्याच वयाची एक जण खुरपत होती. पट्टा गळ्यात, दादाचं नाव पुढं, मागची मान उन्हात चमकत होती. मी सांगितलं, काढ. ती नाही म्हणाली. पुन्हा सांगितलं. "सर बाजूला," म्हणाली आणि पाठ केली. ती पाठ बघून माझं डोकं फिरलं. मी तिला मागून धरलं, चामडं कापायची रापी पट्ट्याखाली सरकवली आणि कापायला लागले. तिनं खुरप्याच्या मुठीनं माझं तोंड फोडलं. दोघी सरीत पडलो. ती माझ्या छातीवर बसली, माझ्या तोंडात माती आणि दाताचा तुकडा.

"तुज्याच हातचा ना ह्यो?" ती धापा टाकत ओरडली. "आता तूच काढतीस? मंग मी काय बोडकी मान घिऊन वाकू? हाय का तुज्याकडं दुसरं काय?"

नव्हतं. माझ्याकडे कागद होते. वापरू नका, असं लिहिलेले.

मी घरी जाऊन आबांना सांगितलं. ते सुजलेल्या कानावर फडकं धरून ऐकत होते. "काढाया कशाला सांगती," ते म्हणाले. "फिरवाया सांग. बक्कल गळ्याकडं, नाव मानंकडं. अन् नावातनं आरपार खिळे ठोकू."

इतकं सोपं होतं. मला सुचलं नव्हतं, कारण मी सगळ्यांना चुकीचं ठरवण्यात गुंतले होते.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिपाई घेऊन त्याच कांद्याच्या वावरात गेलो. तिनं आबांकडे बघून पट्टा काढून दिला, माझ्याकडे बघितलंही नाही. आबांनी तो बांधावर ठेवला. दादाच्या नावातून मी आतून बाहेर खिळे ठोकले, अक्षराअक्षरातून, आणि आतल्या बाजूला खिळ्यांच्या डोक्यांवर अस्तर शिवलं. इतका जोर मी कुठल्याच कामात लावला नव्हता. भोवती बायका जमल्या.

"अगं, पन दादांचं नाव मागं गेलं की!"

"जाऊ दे. वाघ वाचील."

"वाचून पळंल बी. निवडनुकीला भ्यालेला असंल."

त्या हसत होत्या आणि आपापला पट्टा सोडून बांधावर टाकत होत्या. नऊ दिवसांत एकाहत्तर पट्टे फिरवून झाले. बारा सापडलेले नाहीत. काही जणी कामाला दुसरीकडे गेल्या, काहींनी लेकीबाळींना दिले. हे वाचणाऱ्या कुणाकडे तसला पट्टा असेल तर बक्कल गळ्याकडे घ्या. आजच. नाव कुणाचंही असो.

काकी महिन्यानं घरी आली. मान एका बाजूला वळत नाही. मागं टाक्यांची जाड, तांबडी वळकटी आहे, तिच्यावर पदर घासला तरी ती कळवळते. तिच्यासाठी मी नवा पट्टा केला होता, सगळे खिळे मागं, आत दुहेरी मऊ कापड. तो टेकवला तशी तिच्या तोंडून जो आवाज निघाला तो ऐकून मी हात मागं घेतला. तीनदा कमी-जास्त करून पाहिलं. नाही जमलं. त्या मानेवर आता काहीच बसणार नाही. आणि गायी दोन आहेत, घास तिथंच आहे, उसाच्या कडेला.

चौथ्या दिवशी ती विळा घेऊन निघाली. मी तो नवा पट्टा माझ्या गळ्यात आवळला, हातोडा घेतला आणि तिच्या मागोमाग गेले. ती बसली. मी तिच्या पाठीला पाठ लावून उभी राहिले, तोंड उसाकडे. आता रोज जाते. ढाली, म्यानं, ऑर्डरी नंतर. ऊस वाऱ्यानं हलतो तेव्हा मी हातोडा आवळून धरते, आणि वारा पडला की जास्त घट्ट धरते. मागं विळ्याचा खस्स खस्स आवाज चालू असतो, तो थांबला की मी वळून बघते.

"काय झालं, काकी?"

"तुजा पाय सरकीव. घासावर हुबी हायेस."

मी पाय सरकवते आणि पुन्हा उसाकडे बघते.